दातांच्या दवाखान्यात बसायचं आहे, पण बसू कोण देणार?

(विहाराच्या वर्धापन दिनी विद्यार्थी मार्गदर्शन मंडळातर्फे झालेले भाषण)



बारावीनंतर बी.डी.एस.ला जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना आधी एखाद्या दंतवैद्याचं काम जवळून पाहायला कसं मिळेल, एवढ्याच विषयावर आम्ही बोलणार आहोत.

हा विषय एका चुकीतून सुचला. आपल्या वस्तीतल्या एका मुलाला 'नीट'मध्ये एम.बी.बी.एस.पुरते गुण पडले नाहीत, बी.डी.एस. मिळत होतं. आईवडिलांनी आम्हाला विचारलं, "घेऊ का?" आम्ही मोठ्या तोंडाने सांगितलं, "घ्या, तोही डॉक्टरच." तिसऱ्या वर्षी रुग्ण हाताळायची वेळ आली तेव्हा पोराला कळलं, की दिवसभर मान वाकवून बोटभर जागेत बारीक काम करणं आपल्याच्याने होत नाही. शिक्षण सोडून तो घरी आला. त्या मायबापांचे पैसे गेले, वर्षं गेली. दातांच्या दवाखान्यातलं काम त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. सल्ला देणाऱ्या आम्हीही नव्हतं पाहिलं!

ज्यांच्या घरात मामा किंवा काका डॉक्टर असतात त्यांची मुलं लहानपणापासून हे पाहतात. आपल्या बहुतेक घरांत डॉक्टर व्हायला निघालेलं हे पहिलंच लेकरू. आपल्याकडे प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, काम पाहिलं की नाही हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र डेंटल कॉलेजला अर्ज करण्याआधी मुलं दंतवैद्यांच्या मागे सावलीसारखी उभी राहून काम पाहतात. पुष्कळ कॉलेजं शंभरेक तासांची अपेक्षा धरतात. तिथल्या मुलांनाही दारोदार विचारावं लागतं, नकार ऐकावे लागतात. आणि ही काही परकी रीत नव्हे. राजगृहाचा जीवक वैद्यकी शिकायला तक्षशिलेला गेला आणि सात वर्षं आचार्यांजवळ राहिला. गुरू शोधत त्यालाही जावंच लागलं होतं.

मग आम्ही शोधायला निघालो. सुरुवातीलाच चुकलो. संध्याकाळी सात वाजता गेलो, बाकं रुग्णांनी भरलेली. बाईंनी "नंतर या" म्हटलं, ते बरोबरच होतं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी मुलीची मार्कशीट पाहिली, कौतुक केलं, मग विचारलं, "राहता कुठे?" वस्तीचं नाव ऐकल्यावर म्हणाले, "आमच्याकडे जागा नाही हो." त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. पण परतताना पोरगी रस्ताभर एक शब्द बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "काका, उद्या कुठं जायचं?" त्या प्रश्नाने आमचीच मान खाली गेली, कारण आम्ही थांबायच्या विचारात होतो.

एकूण नऊ ठिकाणी विचारलं, तीन ठिकाणी होकार मिळाला. दुपारी दवाखाना बंद व्हायच्या सुमारास जावं, तेव्हा डॉक्टरांना दोन मिनिटं असतात. महिनाभर बसू द्या म्हटलं की माणूस घाबरतो. "दोन दिवस फक्त उभं राहून पाहू द्या" म्हटलं की बहुधा विचार करतो, आणि दोनाचे दहा दिवस पुढे आपोआप होतात. सोबत विहाराचं पत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र असावं. सगळ्यात आधी, आपल्या घरचे लोक दात दाखवायला ज्यांच्याकडे जातात त्यांनाच विचारावं. एक होकार आम्हाला असाच मिळाला, एका आजीच्या कवळीमुळे! दुसरी वाट शासकीय दंत महाविद्यालयाची. इथे नागपुरात ते मेडिकलच्या आवारातच आहे. तिथे शिकणारी आपली मुलं आहेत, त्यांना भेटा. ती योग्य माणसापर्यंत नेतात. मात्र विभागप्रमुखांची परवानगी घेतल्याशिवाय ओ.पी.डी.त उभं राहू नये.

तिथं गेल्यावर रुग्णाची संमती आधी. तो नको म्हणाला तर मुकाट्याने बाहेर बसायचं. मोबाईल पिशवीत. अवजाराला किंवा रुग्णाला हात लावायचा नाही, कोणी "जरा धर रे" म्हटलं तरी नाही. नोंदणीकृत दंतवैद्याशिवाय इतरांना हा व्यवसाय करता येत नाही, त्यासाठी कायदा आहे. कावीळ-बी ची लस घेतली आहे का, हेही आधी पाहून घ्या.

आता त्या मुलीने काय पाहिलं ते सांगतो. तिला वाटलं होतं दात काढणं म्हणजेच सगळं काम. तिथे एकाच दाताच्या रूट कॅनालसाठी माणूस दोन-तीनदा येताना तिने पाहिला. प्रत्येक रुग्णानंतर अवजारं धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये टाकताना पाहिली. अर्ध्या पैशात काम करा म्हणणाऱ्याशी डॉक्टर कसे बोलतात तेही ऐकलं. आणि चौथ्या दिवशी खर्रा खाणारा एक तरुण आला. डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. एकच गेलं. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. तो तरुण आपल्याच बाजूच्या गल्लीतला निघाला. त्या रात्री पोरीने घरी आजीच्या मिश्रीची डबी लपवून ठेवली, त्यावरून घरात भांडण झालं ते वेगळं! (आजी इथेच बसल्या आहेत, त्यांची माफी मागतो. पण तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली होती, तंबाखूची नव्हे.)

त्या मुलीने पुढे पसंतीक्रमात बी.डी.एस. मन घट्ट करून लिहिलं. तिच्यासोबत पाठवलेला मुलगा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला हे नको." तो आता बी.एस्सी. करतो आहे. त्याच्या वडिलांना वाईट वाटलं, आमच्यावर थोडा रागही धरला. आम्हाला मात्र त्याचा नकारही तितकाच मोलाचा वाटतो. तीन दिवसांत कळलं, तीन वर्षांनी नाही.

यंदा आमच्याकडे तीन दवाखाने आहेत आणि नाव दिलेली मुलं सात. आणखी डॉक्टर हवे आहेत. तुमच्यापैकी कोणाची ओळख असेल, कोणी सफाईला किंवा कंपाउंडर म्हणून दवाखान्यात कामाला असेल, तर रविवारच्या वंदनेनंतर ग्रंथालयाच्या खोलीत आम्हाला भेटा. मुलांनी येताना आईला किंवा बाबांना सोबत आणावं.

नमो बुद्धाय. जय भीम.