कुकी : महाजालावरील बिल्ला

समजा, वणीहून सप्तशृंगगडावर गेलेल्या यात्रेकरूनें पादत्राणें दुकानांत ठेवून बिल्ला घेतला. परततांना त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं, बिल्ला पाहतात. महाजालावरील कुकी ही असाच बिल्ला होय. संकेतस्थळ मूळचें विसराळू. प्रत्येक मागणी त्यास नवीच. म्हणून १९९४ सालीं नेटस्केपच्या लू माँटुली यांनीं ही युक्ति योजिली.

आतां एखादा द्राक्षबागाईतदार आपल्या खात्यांतील हिशेबाचें पान रोज ‘कर्ल’कडून, म्हणजे एका ओळीच्या आज्ञेनें, मागवूं पाहतो. ब्राउझरमध्यें दिसणारें पान येथें येत नाहीं. पुन्हां प्रवेशाचीच पाटी! कारण बिल्ला ब्राउझरच्या खिशांत राहिला. तो साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवावा. एकेका ओळींत सात रकाने असतात. ती फाइल ‘-बी’ या खुणेनें कर्लच्या हातीं द्यावी. नवे बिल्ले ‘-सी’नें जपावे. मुदत सरली कीं बिल्ला व्यर्थ.

परंतु बिल्ला आणणारा कोण, हें बहुधा कोणी पाहत नाहीं. ती फाइल दुसऱ्यास पाठविणें म्हणजे सांकेतिक शब्द न सांगतांही घराची किल्ली देणें. म्हणून ती आपल्यापाशींच ठेवावी, आणि काम संपतांच खात्यांतून बाहेर पडून पुसून टाकावी.