मेमरीचे भाव : संगनमत की मागणी?



संगणकाच्या मेमरीचे भाव २०२५ च्या उत्तरार्धात असे भडकले की, मुलाच्या जुन्या संगणकात थोडी मेमरी वाढवून घेणाऱ्या गृहस्थालाही त्याची झळ लागली. कोणी म्हणतात, हे कारखानदारांचे संगनमत. कोणी म्हणतात, ही बाजारातील मागणी. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे अर्थशास्त्र मालकांचे ताळेबंद वाचून झालेले. त्याच नजरेने हा हिशेब पाहू.

संशय घेणाऱ्यांना वेडे ठरविता येणार नाही. १९९९ ते २००२ या काळात डी-रॅम जातीची मेमरी करणाऱ्या कंपन्यांनी आपापसांत भाव ठरविल्याचे अमेरिकेत उघडकीस आले. इन्फिनिऑनला १६ कोटी डॉलर दंड झाला, हायनिक्सला साडेअठरा कोटी, सॅमसंगला ३० कोटी. काही अधिकारी तुरुंगातही गेले. मायक्रॉन तेवढी माफीची साक्षीदार होऊन सुटली! पुढे २०१० मध्ये युरोपीय आयोगानेही ३३ कोटी युरोंवर दंड बसविला. तेथेही मायक्रॉन सुटलीच.

परंतु एकदा गुन्हा केला म्हणून पुढचा प्रत्येक गुन्हा त्याच्याच माथी मारावा, हे आम्हांस पटत नाही. संपानंतर हाच न्याय आमच्या माणसांना लावतात. या वेळची मागणी खरी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या मानाने तिला सिलिकॉनच्या चकत्या सुमारे तिप्पट लागतात. तिकडे माल वळला की इकडे टंचाई. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रूशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले.

मग नवे कारखाने का काढीत नाहीत? एक तर त्याला वर्षे लागतात. दुसरे असे की, २०२२-२३ मध्ये भाव कोसळले तेव्हा सॅमसंग, एस के हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांनीही एकामागून एक उत्पादन कमी केले, तेही उघडपणे जाहीर करून. जगातील बहुतेक डी-रॅम या तिघांच्याच हाती. कामगारांना एकी करायला सभा भरवावी लागते. या देशात १९२६ चा कायदा होईपर्यंत तेवढ्यावरूनही कटाचा आरोप होऊ शके. या तिघांना एकमेकांची निवेदने वाचली की पुरते.

२०१६-१८ च्या भाववाढीबद्दल अमेरिकेतील ग्राहकांनी दावा लावला होता. मार्च २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळलेलाच कायम ठेवला : सारखे वागणे म्हणजे करार नव्हे. कायद्याने ते बरोबरच आहे, आणि आमच्या मते अडचणही तेथेच आहे. भाव चढला तो मागणीमुळे; तो किती काळ चढा राहावा, हे मात्र बरेचसे तिघांच्या मर्जीवर. तेव्हा ते कोठे भेटले हे शोधण्यापेक्षा तिघेच का उरले, हे विचारावे. इन्फिनिऑनमधून निघालेली किमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली; जपानची एल्पिडा २०१२ मध्ये बुडाली, आणि पुढच्याच वर्षी ती मायक्रॉनने विकत घेतली.