संरक्षण मुलीचे की मुलीवर पहारा?

(किशोरींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



समाजमाध्यमांवर अल्पवयीन मुलांना धोका आहे आणि सरकारने त्यात लक्ष घालायला हवे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. वस्तीत काम करताना अशा मुली आपल्या सगळ्यांकडे येतात. कुणीतरी फोटोत फेरफार करून तो पसरवलेला असतो, कुणी खोट्या नावाने ओळख वाढवून आता धमकावत असतो. आणि मुलगी आधी काय म्हणते? "ताई, घरी सांगू नका." कारण घरी कळले की आधी फोन जातो, मग क्लास, मग शाळा आणि मग स्थळे बघायला सुरुवात होते. धमकावणाऱ्याचा फोन मात्र त्याच्याच खिशात राहतो.

म्हणून कोणताही कायदा आला की आपण विचारायला हवे, याचा काच कोणाला बसणार?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घ्या. त्याच्या नवव्या कलमात १८ वर्षांखालील मुलांसाठी दोन मुख्य गोष्टी आहेत. एक, कंपन्यांनी मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मुलांबाबतची कर्तव्ये मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. याचे आपण स्वागतच करू. मूल जितका वेळ पडद्याला खिळून राहील तितका कंपनीचा नफा, हे या धंद्याचे गणित आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पालकांची पडताळणी केलेली संमती. कायदा ‘पालक’ म्हणतो, पण आपल्या घरांमध्ये ही संमती कोण देणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. म्हणजे परवानगीची किल्ली बहुधा बापाकडे जाणार. मुलाला ती सहज मिळेल. मुलीला मिळेल? आणि त्रास देणारा घरातलाच असेल, तर बाहेर बोलण्याची वाटही त्याच्याच हातात.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. सरसकट बंदी मला पटत नाही. पण तिथला नियम मुलगा-मुलगी पाहून किंवा बापाच्या मर्जीने बदलत नाही. दंडही कंपनीला होतो, मुलांना वा पालकांना नाही.

आपल्याकडे नियमांची अधिसूचना नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली आणि या तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पाळतीवरील बंदी कडकपणे राबवा. मदत मागायला आणि तक्रार करायला मुलीला कोणाच्याही परवानगीची गरज नको. तक्रारीची सोय तिच्या भाषेत हवी.

आपल्या किशोरी गटांतल्या प्रत्येकीला १०९८ हा क्रमांक पाठ असू द्या. लैंगिक छळाच्या मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही करता येते, हे तिला सांगा. आणि आयांच्या बैठकीत हेही बोला, की मुलीने विश्वासाने काही सांगितले तर तिचा फोन काढून घेऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.