फिनलंडचे ऋतू आणि कामकऱ्याची सुटी



फिनलंड हा देश मी पाहिलेला नाही. जो काही जाणला, तो कारखान्याची पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. प्रवासवर्णन मला साधणार नाही. कामगार चळवळीतल्या माणसाला सुचतो तो प्रश्न मात्र मी विचारणार आहे. एखाद्या देशातले लोक सणवार साजरे करतात, तेव्हा त्यांना सवड कोण देतो?

पाऊणशे नव्हे, अवघ्या ५५ लाखांच्या आसपास माणसांचा हा देश. पण थंडी आणि काळोख अफाट. अगदी उत्तरेला उत्सयोकी येथे हिवाळ्यात सुमारे ५० दिवस सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ तो मावळत नाही. अशा ठिकाणी उजेड हीच दौलत! ६ डिसेंबर हा त्यांचा १९१७ पासूनचा स्वातंत्र्यदिन. त्या संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावण्याची चाल आहे. नाताळच्या आदल्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे ठेवतात आणि सारी दफनभूमी बर्फात उजळून निघते. जूनच्या अखेरीस युहान्नुस येतो. दारी बर्चच्या फांद्या, तळ्याकाठी मोठी होळी. १९५५ पासून हा सण शनिवारी धरतात, म्हणजे सुटी जोडून मिळते. मग जुलैत निम्मे शहर रानातल्या लाकडी झोपडीकडे निघते. तेथे लाकडे फोडावी, पाणी शेंदावे, तळ्यात पोहावे, रानातली फळे वेचावी. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातही फळे आणि अळंबी वेचण्याचा हक्क तेथे सर्वांना आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आणि सौना. तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडायचे, उठलेल्या वाफेत घामाघूम होऊन बसायचे. देशात सुमारे तीस लाख सौना आहेत. पूर्वी बाळंतपण तेथेच होई आणि मृताला शेवटचे स्नानही तेथेच घालीत. शहरातल्या अनेक मोठ्या इमारतींत सामाईक सौना असते. दर कुटुंबाला आठवड्याची ठरलेली वेळ. त्या बाकावर साहेब आणि मजूर दोघेही उघडे. ना बिल्ला, ना हुद्दा.

हे ऐकून कोणी म्हणेल, भाग्यवान लोक, समता त्यांच्या रक्तातच आहे! तर तसे नाही. जानेवारी ते मे १९१८ या काळात ह्याच देशात लाल आणि पांढरे असे यादवी युद्ध झाले. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली सुमारे बारा हजार तर पराभूत लालांच्या बंदिछावण्यांत उपासाने आणि रोगाने. पुढे खेळसुद्धा दुभंगले. कामगारांनी १९१९ मध्ये आपला वेगळा क्रीडासंघ काढला. सौनेच्या बाकाने ही दरी बुजवली नाही.

ती बुजू लागली हक्कांच्या कागदांनी. १९३९ मध्ये वार्षिक रजेचा कायदा झाला. जानेवारी १९४० मध्ये, रशियाशी युद्ध चालू असताना, मालकांच्या संघटनेने कामगार संघटनांशी वाटाघाटी करण्याचे मान्य केले. १९४३ मध्ये शाळेतल्या मुलांना फुकट जेवण देण्याचा कायदा झाला, तो १९४८ पासून पुरता अंमलात आला. पुढे मालक-कामगार करारांतून कॉफीच्या सुटीची मिनिटेही ठरू लागली. कॉफीचे ते लोक मोठे शौकीन, तेव्हा त्या मिनिटांना किंमत आहे!

त्यांचा वासंतिक सण वाप्पु, १ मेचा. त्या दिवशी विद्यार्थी पांढऱ्या टोप्या घालून हुंदडतात, कामगार लाल निशाणे घेऊन मिरवणूक काढतात. घरोघरी लिंबू आणि साखरेचे सिमा नावाचे पेय आणि तळलेले गोड वडे. १९४४ मध्ये कायद्याने हा दिवस कामगारांच्या सुटीचा ठरला. पांढरी टोपी आणि लाल निशाण एकाच चौकात मावू लागले, यास बरीच वर्षे लागली. आपल्याकडेही १ मे कामगारांचा, आणि १९६० पासून महाराष्ट्राचाही. म्हणून ही गोष्ट मला येथे सांगावीशी वाटली.

ऋतू निसर्ग देतो. त्यांचा आनंद लुटायला लागणारी फुरसत माणसांना झगडून मिळवावी लागते. ज्याची रजा मालकाच्या मर्जीवर, त्याच्या घरी सण पाहुण्यासारखा येतो आणि उंबऱ्यावरूनच परततो. आपल्या गावात आज किती घरी असे होते, याची मोजदाद आपण केली पाहिजे. हॉटेलातला पोऱ्या, घरकामाची बाई, कंत्राटी सफाईवाला, यांना भरपगारी सुटी किती, हे घरी जाताना एकाला तरी विचारा. संस्कृतीची चर्चा तेथून सुरू होते.