ओल टिकवणाऱ्यांचं स्वागत



वणीपुढची वळणं सोसून आपण आलात. स्वागत समितीच्या वतीने सर्वांचं सुरगाण्यात मनापासून स्वागत.

प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमर पापुद्र्यांवरची परिषद, आणि ती सुरगाण्यात कशाला? हा प्रश्न गावातही विचारला गेला. माझं म्हणणं, इथेच हवी.

फ्युएल सेलमध्ये एकीकडून हायड्रोजन येतो, दुसरीकडून हवेतला ऑक्सिजन. मधला पापुद्रा प्रोटॉनला वाट देतो आणि इलेक्ट्रॉनला अडवतो. अडवलेले इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घेतात, तीच आपली वीज. नॅफिऑनसारख्या पापुद्र्यात प्रोटॉन पाण्याच्या आधाराने सरकतात. तो सुकला की वाट बंद. पाणी तुंबलं की वायूला आत शिरायला जागा नाही. आमच्या तालुक्याचं दुखणं याहून वेगळं नाही. आषाढात पाऊस उसंत देत नाही, नार-पार नद्यांचं पाणी गुजरातेत उतरतं, आणि वैशाखात बाया हंडे घेऊन झिऱ्यावर बसतात.

1965 साली जेमिनी 5 यानातून असा सेल अंतराळात गेला. पण पॉलिस्टायरीनचा पापुद्रा झिजून पाण्यात उतरे, त्यामुळे सेलमधलं पाणी पिण्याजोगं नव्हतं. पुढे ड्युपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरिनयुक्त नॅफिऑन घडवलं. ते टिकाऊ निघालं, पण साधारण 80 अंशांपुढे कोरडं पडू लागतं; शिवाय अशा फ्लोरिन संयुगांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपात 2023 पासून आहे.

दुसरी वाट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने चोखाळली आहे: पॉलिबेन्झिमिडाझोलच्या पापुद्र्यात फॉस्फोरिक आम्ल मुरवायचं. मग तो 150-160 अंशांवर चालतो, आणि हायड्रोजन थोडा अशुद्ध असला तरी निभावतं. सप्टेंबर 2019 मध्ये सीएसआयआरच्या प्रयोगशाळा आणि पुण्याची थरमॅक्स यांनी मिळून केलेला असा 5 किलोवॉटचा संच दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते सादर झाला. तो मिथेनॉलवर किंवा बायोमिथेनवर चालतो. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात हायड्रोजनची बसही दिसली. बसचं कौतुक आहेच, पण आमचा जीव त्या 5 किलोवॉटमध्ये अडकला आहे. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की लाइट जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंज जाते, आणि दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजची काळजी सुरू होते. (हा माईकसुद्धा मागच्या डिझेल जनरेटरवर चालू आहे. या परिषदेला तो शोभत नाही, हे मान्य.)

म्हणून यजमानाच्या हक्काने एक मागतो. आम्ल मुरवलेला पापुद्रा गरम असेपर्यंत निर्धास्त असतो. संच बंद होऊन थंड झाला, आत पाणी धरलं, की आम्ल त्याबरोबर धुऊन निघू लागतं. कोरड्या, बंदिस्त प्रयोगशाळेत तासन् तास चाललेल्या संचाचे आलेख आम्ही आदराने पाहू. पण एखादा संच जून ते सप्टेंबर इथे ठेवा. दिवसातून चारदा बंद-चालू होऊ द्या, आणि त्याची देखभाल आमच्या आयटीआयच्या पोरांना शिकवा. जागा आम्ही देऊ, नोंदी आमचे विद्यार्थी ठेवतील. मिथेनॉल घाटावर कोण, काय भावाने आणणार, याचा हिशेबही चर्चेत यावा.

दुपारी जेवणात नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि वरईचा भात आहे. बोरगावकडची स्ट्रॉबेरी बाहेर टेबलावर ठेवली आहे. पहिलं सत्र सुरू करावं, अशी अध्यक्षांना विनंती करतो.