कोंबडी कोणाची, भाव कोणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावासाठी जमलेल्या मेळाव्यात कोंबडीचे काय काम, असा प्रश्न मागच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. गावोगाव तरुण पोरे कराराचा कागद घेऊन आमच्याकडे येतात. कंपनी पिल्ले देणार, खाद्य देणार, औषध देणार. आपण शेड बांधायचे, वीज-पाणी भरायचे, रात्रंदिवस राखण करायची आणि चाळीसेक दिवसांनी गाडी आली की पक्षी तोलून द्यायचे. आपल्याला मिळते ती किलोमागे सांभाळण्याची मजुरी. "सही करू का?" असे पोरे विचारतात.

करार म्हटला की तो वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२० साली कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली, २०२१ साली परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पुन्हा बर्ड फ्लू निघाला. असा भाव कोसळतो तेव्हा स्वतःच्या पैशाने पक्षी वाढवणारा धुऊन निघतो. करारात पक्षी कंपनीचा, तेव्हा भावाचा तोटाही तिचाच. पण शेडचे कर्ज मात्र आपल्याच नावावर राहते. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर शोधा. मर्तुक कोणाच्या माथी? खाद्य जास्त लागले तर कपात किती? दोन खेपांच्या मध्ये शेड किती दिवस रिकामे ठेवणार? आणि वजन कोणाच्या काट्यावर? कापूस विकताना काट्याने आपल्याला काय शिकवले ते इथे कोणाला सांगायला नको. ही चार उत्तरे कागदावर नसतील तर सातबारा गहाण टाकू नका.

दुसरी वाट लहान आहे, पण आपली आहे. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तिच्यातली माजघर शेती आठवा. शेतात पिकले ते कच्चे विकायचे नाही, घरात त्यावर एक हात फिरवून विकायचे. ज्वारी आपली, राबणारे हात आपले, मग कोंबडी जिवंत देऊन कापण्याचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात का टाकायचा? शिवाय परसातली कोंबडी घरच्या बाईची, तिचा पैसा बाईचा, ही आपली जुनी रीत आहे. धंदा मोठा झाला म्हणून ती मोडू नये, एवढे पुरुषमंडळींनी ध्यानात ठेवावे.

आता खाद्याचे बोलू, कारण शंभर रुपये खर्चातले पासष्ट-सत्तर रुपये तिथेच जातात. ज्वारी कोंबडीला मक्याच्या जवळपास मानवते. कातडीला पिवळेपणा येत नाही, एवढाच फरक. पण पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी "माणसाला चालत नाही, कोंबडीला घाला" म्हणून ओतू नका. बुरशीचे विष लिव्हरला धरते, पिल्ले वाढत नाहीत आणि मरतात. भुईमुगाच्या बुरसटलेल्या पेंडीचेही तेच. सरकी घरची आहे, पेंड स्वस्त आहे, पण तिच्यात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. रवंथ करणारी गाय-म्हैस ते पचवते, कोंबडीला ते सोसत नाही. सरकी पेंड जनावरांनाच ठेवा. सोयाबीनचा दाणाही कच्चा भरडून देऊ नका, त्यातला एक अंश पचन अडवतो. भाजून द्या किंवा सरळ सोयापेंड आणा. साधारण निम्म्याहून जास्त ज्वारी, तिसरा हिस्सा सोयापेंड, बाकी तेल, क्षार आणि जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण, असा मेळ बसतो. पहिले तीन आठवडे मात्र पिल्लांचे तयार खाद्यच घ्या, तिथे काटकसर अंगाशी येते.

पांढरी ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरते, साडेतीन किलोच्या आत खाद्य खाते, पण तिला ऊन सोसत नाही आणि मोकळे फिरणे जमत नाही. हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा किंवा बंगळूरची गिरिराजा परसात टिकते, बारा आठवड्यांत दीड किलोच्या आसपास जाते आणि किडे-दाणे वेचून खाद्य वाचवते. गिऱ्हाईक तिला गावरानच्या जवळ धरते. आम्ही नवख्याला दुसरी जात सांगतो. एक मात्र पाळा: फवारलेल्या कपाशीत कोंबड्या सोडू नका आणि औषध लावलेले बियाणे सांडू देऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून जास्त माणसे गेली, तिथे कोंबडीचा काय पाड!

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात: दिव्याखाली चेंगरली तर थंडी, भिंतीला पळाली तर उकाडा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की खुराडे साफ करते. त्यावर औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. बारा आठवडे ठेवायच्या पक्ष्याला आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून घ्या. लस बर्फातून आणायची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. खिशात घालून एसटीने आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

कापणीचे काम घाणेरडे मानून आपण सोडून दिले, म्हणून कमाईही सोडली. आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवा, पाणी चालू. आतडे रिकामे असले की मांस नासत नाही. पक्षी उलटा धरून मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा धारदार सुरीने कापा आणि दोन-तीन मिनिटे रक्त निथळू द्या. मग ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवा. उकळत्या पाण्यात कातडी शिजून फाटते. पिसे उपटल्यावर गळ्याजवळची दाण्याची पिशवी आणि श्वासनळी काढा, मग मागून लहान छेद देऊन आतडी अखंड बाहेर घ्या. पित्ताची पिशवी फुटली तर मांस कडू झालेच, म्हणून ती लिव्हरपासून हळू सोडवा. धुवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. बर्फ नसेल तर कापू नका, जिवंत विका. पिसे-आतडी खोल खड्ड्यात, शेणखताच्या थरात. कुत्र्यांना टाकाल तर सगळे गाव तक्रार करील आणि ती खरी असेल. औषध चालू असलेला पक्षी त्याची मुदत संपेपर्यंत कापायचा नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला लहान व्यावसायिक धरले आणि त्याला परवान्याऐवजी नोंदणीवर सोडले. ती नोंदणी करून घ्या, म्हणजे कोणी दरडावायला आला तर कागद दाखवता येईल.

हिशेब मांडू. शंभर ब्रॉयलर पिल्लांतली पाच गेली, पंचाण्णव पक्षी दोन किलोचे, म्हणजे १९० किलो. जिवंत भाव शंभर रुपये धरला तर १९,००० रुपये. कापून सत्तर टक्के, म्हणजे १३३ किलो मांस उतरते. ते १८० रुपयांनी गेले तर २३,९४०. फरक ४,९४० रुपयांचा. यातून बर्फ, सरपण आणि चार जणांची मजुरी वजा करा. उरते ते फार नाही, पण ते कापसाच्या पैशासारखे वर्षातून एकदा येत नाही. आणि भाव आपण सांगतो. १९८२ साली बी. व्ही. राव यांनी अंडी समन्वय समिती उभी केली आणि अंड्याचा भाव उत्पादक जाहीर करू लागले. अंडेवाल्यांना जे जमले ते मांसवाल्यांना गावपातळीवर का जमू नये? पंचक्रोशीतल्या पाच-सात घरांनी एकच भाव ठरवावा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आळीपाळीने कापावे. आधी गिऱ्हाईक पक्के करा, मग पिल्ले आणा. उलटे करणारे बुडालेले आम्ही पाहिले आहेत.

लसीची बाटली बहुधा शंभर मात्रांच्या पुढची असते, तेव्हा पिल्लेही सगळ्यांनी एकाच आठवड्यात आणावीत. ब्रॉयलरची पहिली खेप दसऱ्याच्या सुमारास घाला, शेवटची होळीच्या आत विकून मोकळे व्हा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो. भरल्या अंगाची ब्रॉयलर तेवढ्यात एका दुपारीत मरते.