निपचित सशाची साक्ष

आपल्यापैकी बहुतेकांची खाजकुइलीशी पहिली ओळख शाळेत होते, आणि ती फारशी सुखाची नसते. पावसाळा सरला की कुंपणावर, ओढ्याकाठच्या झुडपांवर तिच्या वाकड्या शेंगा लोंबू लागतात. शेंगेवर तांबूस-सोनेरी मखमल असते. एखादे वात्रट पोर ती मखमल पुढच्या बाकावरच्या पोराच्या मानेवर झटकते आणि त्या दिवसाचा भूगोल तिथेच संपतो! मग कुणी शेण लावा म्हणतो, कुणी राख चोळा म्हणतो, आणि मास्तर छडी शोधू लागतात.

आपल्या देशातली दुसरी एक वनस्पती म्हणजे सर्पगंधा. दीड-दोन हात उंचीचे झुडूप, पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळीजांभळी होणारी इवली फळे. तिचे औषध मुळीत असते. झोप न येणाऱ्याला, भ्रमिष्ट झालेल्याला आपले वैद्य ती मुळी पूर्वापार देत आले. बिहारात तर तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत.

या दोन वनस्पतींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो संबंध उघड झाला १९५७ साली, दूर स्वीडन देशात, आणि तोही एका सशाच्या मेंदूत. आज मी तुम्हांला त्या सशाची हकीकत सांगणार आहे. ती ऐकण्यासारखी आहे, कारण गावोगावच्या काही वृद्धांचे थरथरणारे हात तिच्याशी बांधलेले आहेत.

प्रथम सर्पगंधेची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचे गुण आधुनिक वैद्यकापुढे मांडले. पुढे मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा उपयोग करून १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या झुडपाकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी मुळीतले मुख्य सत्त्व वेगळे करण्यात आले. त्याला ‘रिसर्पिन’ हे नाव मिळाले. रक्तदाब उतरवायला आणि खवळलेले मन शांत करायला डॉक्टर ते देऊ लागले.

पण औषधाने गुण आला म्हणजे सगळे कळले असे होत नाही, बरं का! रिसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. त्यांचे हात कापू लागले, अंग ताठले, हालचाल मंदावली. कंपवाताच्या रोग्याचे जसे होते, हुबेहूब तसेच. काहीजण फार उदासही झाले. औषध मेंदूत जाऊन काहीतरी करीत होते खास. पण काय? जिवंत माणसाचा मेंदू उघडून तर पाहता येत नाही. म्हणून हा प्रश्न सशाला विचारावा लागला.

सशाला रिसर्पिन टोचले की तो कान पाडून, अंग टाकून निपचित बसतो. डोळे अर्धवट मिटलेले. हुसकले तरी हलत नाही. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली असे आढळले की, अशा सशाच्या मेंदूतील ‘सिरोटोनिन’ नावाचे रसायन जवळजवळ नाहीसे होते. याच प्रयोगशाळेत तेव्हा स्वीडनहून आलेला एक तरुण संशोधक काम शिकत होता. त्याचे नाव अर्विद कार्लसन. त्याच्या मनात आले, नाहीसे होणारे रसायन एवढे एकच असेल कशावरून?

आता ही रसायने मेंदूत करतात काय, ते समजून घेऊ. मेंदूत कोट्यवधी मज्जापेशी असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना चेतापेशी म्हटलेले आढळेल. एका पेशीचे टोक दुसरीला टेकलेले नसते, मधे बारीक फट असते. या काठावरची पेशी त्या काठावरच्या पेशीला निरोप धाडते तो रसायनाच्या हाती. हे निरोपे रसायन पेशीच्या टोकाशी अगदी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. या पिशव्यांना आपण कणग्या म्हणू. निरोप द्यायचा झाला की कणगीतला माल फटीत ओतायचा. काम झाले की बराचसा पुन्हा गोळा करून कणगीत भरायचा.

रिसर्पिन नेमके या कणगीचे तोंड बुजवते. आता विचार करा. खळ्यावरून धान्य आले, पण कणगीत जाईना. अंगणातच पडून राहिले. मग चिमण्या, उंदीर, घुशी त्याचे काय करणार? पेशीतही कणगीबाहेर राहिलेल्या मालाचा फडशा पाडणारा एक पाचकरस हजर असतोच. आधीचा साठा झिरपून जातो, नवा आत शिरत नाही, आणि काही तासांत घर रिकामे! निरोप द्यायला दाणाच उरत नाही. ससा निपचित पडतो तो यामुळे. म्हणजे औषध मेंदूत नवे काही घालत नाही. मेंदूचे स्वतःचे जे भांडवल, त्याच्याच देवघेवीत ते हात घालते. आजच्या भाषणातला हा पहिला मुद्दा, शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात अवश्य सांगावा.

पण रिसर्पिनने एकच धान्य जात नाही. गहू जातो, ज्वारी जाते, हरभराही जातो. मग ससा नेमका कशावाचून निपचित झाला? हे ठरवायला कार्लसन यांनी जी युक्ती योजली, ती आपल्या घरातल्या शहाण्या गृहिणीचीच. आमटी बेचव झाली तर ती एकदम सगळे मसाले ओतत नाही. आधी मीठ घालून पाहते, मग आंबट घालून पाहते.

स्वीडनमधील लुंड येथे परतल्यावर कार्लसन आणि त्यांचे सहकारी यांनी रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांना आधी सिरोटोनिन ज्यापासून बनते तो कच्चा माल देऊन पाहिला. प्राणी उठला नाही. मग त्यांनी ‘डोपा’ नावाचा दुसरा कच्चा माल दिला. आणि काय सांगू! पाव तासाच्या सुमारास, अंग टाकून बसलेला ससा कान उभारून इकडेतिकडे पाहू लागला. थोडा वेळ तो चांगला हिंडला-फिरला, मग परत पहिल्यासारखा बसला.

तुम्ही म्हणाल, कणगीचे तोंड तर अजून बुजलेलेच होते! अगदी बरोबर. पण अंगणात धान्याच्या एवढ्या गाड्या येऊन पडल्या की चिमण्यांनी खाऊनही उरले, आणि उरलेले शेजारी पोहोचले. गाड्या थांबल्या तसा ससाही थांबला.

आता डोपापासून मेंदूत दोन रसायने तयार होऊ शकतात, एकामागून एक. आधी ‘डोपामिन’ आणि त्यापासून पुढे ‘नॉरअॅड्रेनलिन’. तोवर शास्त्रज्ञ डोपामिनला वाटेवरचे नुसते ठाणे समजत. गाडी थांबते, पण उतरत कुणी नाही, असे. परंतु उठलेल्या सशाच्या मेंदूची तपासणी केली तेव्हा नॉरअॅड्रेनलिन परतलेले नव्हते. परतले होते डोपामिन! ज्या ठाण्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, तेच मुक्कामाचे गाव निघाले. १९५९ साली त्यांच्याच गटातील दोघांनी दाखवले की, हालचालींचा तोल राखणारा मेंदूचा जो खोल भाग आहे, तिथेच डोपामिनचा मोठा साठा असतो.

हे सारे लगेच मान्य झाले असे मात्र समजू नका. १९६० साली लंडनच्या एका परिषदेत मोठमोठ्या जाणकारांनी या म्हणण्याविषयी शंका घेतल्या. पण त्याच वर्षी व्हिएन्नाहून दुसरी साक्ष आली. तिथे ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. त्यांत त्याच खोल भागातले डोपामिन फारच ओसरलेले होते. सशाचे घर रिसर्पिनने रिकामे केले होते. या माणसांचे घर रोगाने रिकामे केले होते, कारण डोपामिन बनवणाऱ्या पेशीच एकेक करून मरत गेल्या होत्या.

मग १९६१ साली व्हिएन्नात रोग्यांना डोपा टोचण्यात आले. अंथरुणावर उठून बसताही येत नव्हते अशी काही माणसे काही काळ उभी राहिली, चालली. थेट डोपामिनच का नाही दिले? कारण मेंदूच्या वेशीवर कडक पहारा असतो. रक्तातले डोपामिन तो आत सोडत नाही, डोपाला मात्र वाट देतो. आत गेल्यावर डोपाचे डोपामिन बनते. पुढे १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडाने, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत हे औषध कसे द्यावे ते बसवले. कंपवातावर आजही डॉक्टर मुख्यतः तेच देतात. ते वाटेतच खर्ची पडू नये म्हणून जोडीला दुसरे एक औषध असते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि आता खाजकुइलीकडे वळू. तिच्या बियांत हेच डोपा असते! १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या दोन शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढून दाखवले होते. म्हणजे ज्याने ससा निजला ते सत्त्व सर्पगंधेत, आणि ज्याने तो उठला ते द्रव्य खाजकुइलीत.

पण इथे मला हात जोडून एक विनंती करायची आहे. हे ऐकून उद्या सकाळी कुणी कोयता घेऊन कुंपणाकडे जाऊ नये. प्रत्येक बीत डोपा सारखेच नसते. आज कमी, उद्या जास्त. जास्त झाले तर मळमळ, भोवळ, भलतेसलते भास, नको ती हालचाल. सर्पगंधेची मुळीही मनाने घेऊ नये. रक्तदाब नको इतका उतरतो, आणि मन खचते. सशाला मिलिग्रॅम मोजून दिले होते, माणसाला मुठीने देऊ नये.

आता तुमच्या घराकडे येतो. कुणाचे आजोबा ओसरीवर बसलेले असतील. एक हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो. अंगठा आणि बोट असे हलतात, की जणू तंबाखूची चिमूट मळीत आहेत. चालताना पावले आखूड पडतात, अंग ताठ, चेहऱ्यावर हसू उमटत नाही. घरातली माणसे म्हणतात, वय झाले. कुणी म्हणते, रुसले आहेत. कुणी म्हणते, बाहेरचे आहे, अंगारा लावा. श्रोतेहो, आजोबा रुसलेले नसतील. त्यांच्या कणगीतले धान्य सरत आले असेल. त्यांच्या मनात हसू आहे, ते चेहऱ्यापर्यंत पोहोचवणारा निरोप्या थकला आहे. त्यांना डॉक्टरांकडे न्या. प्रत्येक कंप हा कंपवात नव्हे. काही औषधांनीही हात कापतो, तेव्हा घरात जी औषधे चालू असतील ती सगळी डॉक्टरांना दाखवा. औषध सुरू झाले तर मनाने एकदम बंद करू नका. या औषधाने रोग मुळापासून जात नाही, आणि काही वर्षांनी त्याचा गुण कमीजास्त होऊ लागतो, हेही खरे. पण स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खाण्याची वर्षे त्याने परत मिळतात. ती थोडी म्हणायची का?

शेवटी त्या सशाविषयी. मेंदूतले रसायन मोजायचे तर प्राण्याचा जीव जातो, हे मी झाकून ठेवणार नाही. मुलांपासूनही ते झाकू नये. आपल्या देशात १९६० च्या कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती असते. विनाकारण, हेळसांडीने कुणी प्राण्याला पीडा देऊ नये म्हणून ती आहे. ज्या मुक्या जिवाने माणसाच्या दुखण्याची साक्ष दिली, त्याचे ऋण आपल्यावर आहे.

ते फेडायचे कसे? निदान एवढे करावे. त्या साक्षीने मिळालेले ज्ञान वाया जाऊ देऊ नये. आज हे भाषण संपल्यावर ओसरीवरच्या आजोबांजवळ घटकाभर बसा. त्यांचा थरथरता हात हातात घ्या, आणि दवाखान्यात जायचा दिवस ठरवा.